पद्मा नावाच्या तीन बोटी

पनवेल नावाची एक लढाऊ बोट होती आणि ती १९७१च्या युद्धात लढली, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तोवर पनवेल म्हणजे पुण्याहून मुंबईला जाताना जिथे गाडी हमखास अडकते ते ठिकाण, एवढीच ओळख. कळलं ते ‘ऑपरेशन एक्स’ या इंग्रजी पुस्तकातून. लेखक कॅप्टन मोहन नारायणराव सामंत आणि पत्रकार संदीप उन्नीथन. पुस्तक आलं २०१९ साली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सामंत मुंबईत वारले. सामंत हे नाव दिसलं की मराठी वाचक जरा सरसावून बसतो. मीही बसलो. दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारला घरी होतो, समुद्रापासून चांगलाच लांब, आणि तीन दिवसांत फोनवरच पुस्तक संपवलं.

संपवलं म्हणजे शेवटच्या पानापर्यंत गेलो. खरं तर त्यातल्या तीन छोट्या बोटींपाशी मी अडकलो तो अजून सुटलेलो नाही. हा लेख त्या अडकण्याबद्दल आहे.

आधी गोष्ट थोडक्यात. मार्च १९७१च्या अखेरीस फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानी नौदलाची ‘मांग्रो’ ही पाणबुडी होती. तिच्यावरचे काही बंगाली खलाशी पळाले, आणि त्यातले आठ जण युरोपातून वाट काढत भारतात पोचले. या आठ जणांपासून भारतीय नौदलाची एक गुप्त मोहीम उभी राहिली. पश्चिम बंगालमध्ये, भागीरथीच्या काठी, प्लासीला छावणी पडली. हो, तीच शाळेच्या पुस्तकातली प्लासी. पूर्व बंगालमधून आलेल्या तरुण पोरांना तिथे अंधारात पोहायला आणि जहाजाच्या तळाला चुंबकी सुरुंग चिकटवायला शिकवलं गेलं. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून वाजलेली दोन गाणी हा हल्ल्याचा इशारा होता. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकदम स्फोट झाले. मोहिमेची सूत्रं सामंतांकडे होती. त्याआधी ते ‘करंज’ या पाणबुडीचे कमांडर होते.

पुस्तकाचा हा भाग फार चांगला आहे. छावणीतली शिस्त, भाषेची अडचण, पोरांचं वय, सगळं नीट दिसतं. लिहिण्याची पद्धत थ्रिलरची आहे. सामंत स्वतः सहलेखक असूनही एखाद्या पात्रासारखे समोर येतात. सुरुवातीला हे खटकतं. मग लक्षात येतं की ज्या माणसानं कित्येक दशकं हे गुपित सांभाळलं, त्याला ‘मी’ म्हणून बोलणं जड गेलं असेल. त्याच्यासाठी तिसरा माणूस उभा करणंच सोपं. ही माझी अटकळ. पण पुस्तक वाचताना ती मदतीला येते.

बोटी येतात शरद ऋतूत. पोहणाऱ्या पोरांनी बंदरं हादरवली होती, पण नदीत फिरून सुरुंग पेरायचे आणि जहाजांवर मारा करायचा तर बोटी हव्यात. कलकत्ता पोर्ट ट्रस्टकडून दोन बोटी मिळवल्या. बंदरातल्या कामाच्या साध्या बोटी. त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या, सुरुंग टाकायची सोय केली, आणि नावं दिली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. अधिकारी भारतीय, खलाशी बरेचसे बंगाली. नोव्हेंबरात या बोटी मोंगलाच्या वाटेवर सुरुंग पेरून आल्या, आणि ‘सिटी ऑफ सेंट अल्बन्स’ या ब्रिटिश मालवाहू जहाजावर त्यांनी तोफा चालवल्या. ते जहाज मागे फिरलं.

या काळात भारत अधिकृतपणे युद्धात नव्हता. म्हणून या दोन बोटींच्या नावाआधी ‘आयएनएस’ लागलं नाही. लागलं ते ‘एमव्ही’, म्हणजे मोटर व्हेसल, कुठल्याही मालवाहू बोटीला लागतं ते. उद्या एखादी पकडली गेली तर ‘आमची नाही’ म्हणता यायला हवं होतं. कुणाच्याही यादीत नसणं हाच त्यांचा उपयोग होता.

डिसेंबरात युद्ध उघड झालं. पद्मा आणि पलाशच्या जोडीला नौदलाची ‘आयएनएस पनवेल’ आली, आणि सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’. पनवेल ही सोव्हिएत बनावटीची, शंभरेक टनांची गस्ती बोट. तशा पाच होत्या: पनवेल, पणजी, पंबन, पुलिकत, पुरी. पाचही किनाऱ्यावरची, ‘प’पासून सुरू होणारी गावं. नौदलात नावं ठेवणारा कुणीतरी बाराखडी घेऊन बसला असावा असं वाटतं. पनवेलचे कमांडर लेफ्टनंट कमांडर जे. पी. ए. नोरोन्हा. चौघींचं नेतृत्व सामंतांकडे. सुंदरबनाच्या खाड्यांतून, अनोळखी पाण्यातून त्या मोंगलाला पोचल्या. चित्रांगदा तिथे थांबली आणि तिघी पुढे खुलनाकडे निघाल्या.

१० डिसेंबरला दुपारच्या सुमारास, खुलना शिपयार्डजवळ, भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानांनी त्यांच्यावर हल्ला केला. आपल्याच विमानांनी. बोटींवर ओळखीसाठी पिवळा रंग दिलेला होता. तो दिसला नाही, किंवा दिसून कळला नाही. पद्मा आणि पलाश बुडाल्या. पनवेल वाचली आणि तिनं पाण्यातल्या माणसांना वर काढलं. काठावरून पाकिस्तानी बाजूचा गोळीबार चालूच होता.

पलाशच्या इंजिनरूममध्ये रुहुल अमीन नावाचे आर्टिफिसर होते, नोआखालीचे. बोट सोडायचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी इंजिन सोडायला नकार दिला. जखमी होऊन कसेबसे काठाला लागले, आणि तिथे रझाकारांनी त्यांना मारलं. बांगलादेशचा सर्वोच्च युद्धसन्मान ‘बीर श्रेष्ठ’ आजवर फक्त सात जणांना मिळालाय. त्यातले ते एक. रूपसा नदीच्या काठी त्यांची कबर आहे.

आता माझ्या अडचणीकडे येतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखाद्या गोष्टीचं काय झालं हे शोधायचं तर तिची नोंद शोधायची, ही माझी रोजची सवय. म्हणून पुस्तक संपल्यावर मी साधी स्प्रेडशीट उघडली. बोट, आधीचं नाव, कुणी दिली, शस्त्रं, कमांडर, शेवट. पनवेलची ओळ बऱ्यापैकी भरली. पद्मा आणि पलाशपाशी गाडी अडली. बांगलादेशातल्या कितीतरी लेखांत या दोन बोटींची मूळ नावं ‘अक्षय’ आणि ‘अजय’ दिलेली असतात. मला आनंद झाला, कारण त्या नावांच्या बोटी भारतीय नौदलात खरोखर होत्या. दोन्ही गस्ती बोटी. मी रकाने भरले आणि झोपलो.

सकाळी तारखा पाहिल्या. नौदलाची ‘अक्षय’ बांगलादेशला दिली गेली १९७३ साली, आणि तिथे तिचं नाव ठेवलं गेलं ‘पद्मा’. ‘अजय’ गेली त्याच्या पुढच्या वर्षी, आणि तिचं नाव झालं ‘सुरमा’. म्हणजे १९७१च्या डिसेंबरात खुलन्याला बुडालेली पद्मा आणि १९७३ साली भारतातून गेलेली पद्मा या दोन वेगळ्या बोटी. पहिली पोर्ट ट्रस्टची, दुसरी नौदलाची. नाव तेच राहिल्यामुळे दुसरीचं माहेर पहिलीला चिकटलं असावं. पोर्ट ट्रस्टच्या बोटींनाही तीच नावं असण्याची शक्यता उरते, पण मग योगायोग फारच सोयीचा. आणि २०१३ साली बांगलादेशच्या नौदलात आणखी एक पद्मा दाखल झाली, देशात बांधलेली पहिली युद्धनौका म्हणून तिचं कौतुक झालं.

आमच्या धंद्यात याला फार जुनं औषध आहे. नावावरून कुणाला ओळखायचं नाही. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक द्यायचा, जो पुन्हा कुणाला मिळणार नाही. नावं बदलू देत, सारखी असू देत. नौदलं नेमकं उलटं करतात. त्यांच्यासाठी नाव हा वारसा. बोट भंगारात जाते, नाव नव्या बोटीला मिळतं. भावनेच्या बाजूनं हे बरोबरच आहे. शोधणाऱ्याचे मात्र हाल.

कराचीवरच्या हल्ल्याचंच बघा. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या मुंबईच्या तीन क्षेपणास्त्र बोटी कराचीवर गेल्या. निर्घातनं ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली, वीरनं ‘मुहाफिज’ हा सुरुंगशोधक. त्याच तारखेला आपण नौदल दिन साजरा करतो. २०१६ साली वीर आणि निपात, आणि २०१८ साली निर्घात निवृत्त झाल्याच्या बातम्या मी वाचल्या, तेव्हा मला वाटलं होतं की कराचीच्याच बोटी. त्या त्यांच्या नावाच्या, पुढच्या पिढीच्या बोटी होत्या.

तरी कराचीच्या बोटींचं नशीब चांगलं. त्यांना आयएनएस होतं, क्रमांक होता, मुंबईत गोदी होती, आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे भक्कम लोक होते. त्या वेळचे पश्चिम विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांनी ‘वी डेअर्ड’ लिहिलं. नौदलाचा अधिकृत इतिहास लिहिणारे ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी १९७१ मध्ये पश्चिमी ताफ्याचे ऑपरेशन्स ऑफिसर होते. ‘ट्रान्झिशन टु ट्रायम्फ’ या त्यांच्या ग्रंथातली कराचीची पानं वाचताना हे आठवावं लागतं. ज्यानं बेत आखण्यात भाग घेतला तोच इतिहास लिहितोय. यात खोटेपणा नाही, पण प्रकाश कुठे जास्त पडतो ते कळतं. कियामारीच्या तेलटाक्या नेमक्या कुणी पेटवल्या, नौदलाच्या क्षेपणास्त्रानं की जामनगरहून गेलेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी, हा वाद दोन्ही दलांनी वर्षानुवर्षं हिरिरीनं घातला. यशाला असे दोन दोन दावेदार मिळतात.

खुलन्याच्या दुपारला दावेदार नाही. हिरानंदानींनी ती लपवलेली नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. अधिकृत इतिहासात पद्मा आणि पलाश आहेत, आणि त्या कुणाच्या विमानांनी बुडवल्या तेही आहे. पण सरकारी इतिहासाची भाषा अशी की चूक झाली, जीवितहानी झाली, मोहीम पुढे चालू राहिली. क्रियापदं आहेत, कर्ता नाही. ‘ऑपरेशन एक्स’मध्ये तो प्रसंग जास्त जिवंत आहे, कारण सामंत तिथे होते. पण इथे थ्रिलरचा साचा आडवा येतो. वेगानं वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाला शेवटाकडे विजय हवा असतो आणि १६ डिसेंबर जवळ आलेला असतो. आपल्या विमानांनी आपल्या बोटी बुडवल्या, या गोष्टीला थांबून पाहण्याइतकी जागा त्या वेगात मला मिळाली नाही. कुठला निरोप कुणी पाठवला, कुणापर्यंत पोचला नाही, काय ठरलं होतं, याच्या भारतीय आणि बांगलादेशी आवृत्त्या जुळत नाहीत. माझ्या मते पुस्तकाचा खरा विषय तिथेच होता.

याच आठवड्यात पलीकडेही असंच घडलं होतं, हे मुद्दाम सांगतो. ६ डिसेंबरला पाकिस्तानी विमानानं स्वतःच्याच ‘झुल्फिकार’ या फ्रिगेटवर हल्ला केला. कराचीच्या धक्क्यानंतर भारतीय क्षेपणास्त्र बोटी पुन्हा आल्या असा समज झाला होता. वरून पाहणाऱ्याला पाण्यावरचा आकार दिसतो, कुणाचा ते दिसत नाही. पण झुल्फिकार निदान त्यांच्या यादीत होती. तिच्याबद्दल विचारायला एक नौदल होतं.

पद्मा आणि पलाशसाठी ‘आमची’ म्हणणारं कोण? बांगलादेशचं नौदल म्हणतं, आमची सुरुवातच या दोन बोटींपासून झाली. भारतात त्या नौदलाच्या कुठल्या बोटींच्या परंपरेत बसत नाहीत. आपण लक्षात ठेवतो ते पदकांमधून. १९७१ साली नौदलाला आठ महावीरचक्रं मिळाली. त्यातली तीन या चिमुकल्या तुकडीला: सामंत, नोरोन्हा आणि लीडिंग सीमन चिमण सिंग. आठ जणांत अधिकारी नसलेले चिमण सिंग एकटेच. त्यांची बोट बुडाली, ते जखमी होऊन पकडले गेले, आणि बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर सुटले. आठातली तीन म्हणजे केवढी मोठी गोष्ट! आणि तरी कराचीबद्दल विचारलं तर माझ्या ऑफिसातले चार जण काहीतरी सांगतील, खुलन्याबद्दल एकही नाही.

पदकातून इतिहास लक्षात ठेवण्याची एक मर्यादा मला गावामुळे माहीत आहे. नंदुरबारात शाळेतल्या प्रत्येक पोराला शिरीषकुमार माहीत असतो. ९ सप्टेंबर १९४२ला त्याच्याबरोबर आणखी चौघं पडले: लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. ही चार नावं मला नीट पाठ झाली ती नोकरीला लागल्यावर, आणि तीही एका सहकाऱ्यानं विचारलं तेव्हा शरमेनं. एक चेहरा ठरला की बाकीचे त्याच्या मागे उभे राहतात. बांगलादेशात पलाश रुहुल अमीनांमुळे आठवते, आणि तिच्यावरचे बाकीचे खलाशी व शेजारची पद्मा त्या एका नावाच्या सावलीत जातात.

मराठीत याबद्दल का लिहायचं, असं कुणी विचारेल. सामंत मराठी म्हणून? ते कारण मला पुरेसं वाटत नाही. उलट भीती वाटते, की ‘मराठी माणसाचा पराक्रम’ असा मथळा देऊन आपण मोकळे होऊ आणि प्लासीच्या छावणीतली बंगाली पोरं पुन्हा एकदा मागच्या रांगेत जातील. माझं कारण वेगळं आहे. मराठीला छोट्या बोटी कळतात. गलबत, गुराब, मचवा, पडाव, होडी अशी आपली भाषा आकारानं आणि कामानं बोट ओळखते. आंग्र्यांच्या आरमारावर अभिमानानं बोलणाऱ्यांना हे सांगायला नको की मोठ्या जहाजांना छळणारं आरमार बरचसं लहान नावांचंच होतं. पण त्या अभिमानातही आपण सरखेल लक्षात ठेवले. एखाद्या गुराबेचं नाव, ती कुठे बांधली, कुठे संपली, हे किती जणांना सांगता येईल?

आणि नंदुरबारला समुद्र नसला तरी पाणी आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावं बाधित झाली. ती नर्मदाकाठची, आमच्या जिल्ह्यातली. आज अक्कलकुवा आणि धडगावच्या त्या भागात बोट हाच रस्ता आहे. दवाखानाही बोटीतून येतो. २०१९च्या संक्रांतीला, नर्मदेच्या पूजेला निघालेल्या लोकांची बोट भूषाजवळ उलटली. मृतांत लहान मुलं होती. तेव्हा मी बातम्या एकामागून एक वाचल्या होत्या. गाव होतं, तालुका होता, आकडा होता. बोटीचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. तेव्हा ते खटकलंही नव्हतं. पद्माची ओळ रिकामी राहिली तेव्हा आठवलं.

‘ऑपरेशन एक्स’ जरूर वाचा. फोनवर वाचलं तरी चालेल, प्रकरणं छोटी आहेत. छावणीची प्रकरणं सावकाश वाचा, आणि खुलन्याच्या दुपारी पुस्तक पळायला लागेल तेव्हा तुम्ही पळू नका. शक्य असेल तर हिरानंदानींची तीच पानं शेजारी ठेवा. दोन्हीत कर्ता कुठे गळतो ते बघत जा. मराठीत अनुवाद करायला कुणी बसलंच, तर एक विनंती: बोटींना सरसकट ‘जहाज’ म्हणू नका. त्या जहाजं नव्हत्या, आणि त्या गोष्टीतला सगळा धोका त्यांच्या लहानपणात आहे.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये आता पद्माच्या तीन ओळी आहेत, तिघींना वेगळे क्रमांक. पहिलीपुढे ‘पोर्ट ट्रस्ट, कलकत्ता, बुडाली १० डिसेंबर १९७१, खुलना शिपयार्डजवळ’. दुसरीपुढे ‘आधीची अक्षय, १९७३’. तिसरीपुढे ‘२०१३’ आणि बांधणीच्या रकान्यात ‘खुलना शिपयार्ड’.